हजार नंबरचा कागद

२७ जुलै, रविवार (श्रावण शुद्ध तृतीया)

आठवडी बाजारात भंगारवाल्याच्या पोत्यावर एक वस्तरा मिळाला. चारशे सांगत होता, अडीचशेला दिला. पात्यावर तांबूस गंज, मुठीची एक रिव्हेट ढिली, आणि टोकापासून बोटभर आत धारेला एक खाच. घरी आणून शेपटाकडचा मळ काढला तेव्हा पुसट अक्षरं दिसली : झोलिंगेन. जर्मनीतल्या या गावाचं नाव पात्यावर घालायचं तर ते पातं त्याच भागात घडलेलं असावं लागतं, १९३८ पासून तिथे तसा नियम आहे. खोटे शिक्के मारलेले वस्तरेही बाजारात असतात म्हणा. पण नखाने टिचकी मारल्यावर हे पातं ज्या स्वच्छ आवाजात वाजलं, त्यावरून पोलाद चांगलं असावं.

जुना वस्तरा घेताना गंजाआधी पाठ बघावी. आधीच्या मालकाने दाबून घासला असेल तर पाठ एका बाजूला रुंद, चपटी झिजलेली दिसते आणि पुढची सगळी मेहनत तिरकी जाते. वरवरचा गंज निघतो. धारेच्या काठालगत खोल खड्डे पडले असतील, तर धार दर वेळी तिथेच तुटते. भेग असेल तर फुकट मिळाला तरी घेऊ नये. मुठीकडेही लक्ष हवं. जुनं सेल्युलॉइड कुजायला लागलं की त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि मिटलेलं पातं आतल्या आत गंजतं. याची मूठ शिंगाची आहे, ती चिंता नाही.

वस्तऱ्याचे शौकीन दगडांवर काय खर्च करतात ते वाचून छाती दडपते. बेल्जियममध्ये आर्देनच्या डोंगरात निघणारा पिवळसर दगड, ज्यात गार्नेटचे बारीक कण असतात. क्योटोच्या आसपासच्या खाणींतले जपानी दगड. चांगल्या दगडाची किंमत आमच्या महिन्याच्या किराण्यापुढे जाते. ते दगड उत्तम आहेत यात वाद नाही. पण त्यांच्यावाचून दाढीजोगी धार लागत नाही, हे मला पटत नाही. सगळं हजार रुपयांत बसवायचं, वस्तऱ्यासकट. आमच्याकडे श्रावणात दाढी करत नाहीत, त्यामुळे भाद्रपद लागेपर्यंत सवड आहे.

२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी

आज घरात चिरणं-कापणं नाही, तवा नाही. आईने विळी सकाळीच बाजूला ठेवली आणि वस्तराही कपाटात ठेवायला लावला. दुपारी पुरणाची दिंडं.

३१ जुलै, गुरुवार

गंज काढला. शिलाई मशिनचं तेल लावून पातं रात्रभर ठेवलं होतं, सकाळी फडक्याने पुसल्यावर निम्मा गंज तेलाबरोबरच आला. उरलेला जुन्या बारीक वॉटर पेपरच्या तुकड्याने, पाठीकडून धारेकडे, नेहमी एकाच दिशेने. बोटं पाठीवर, धारेच्या समोर कधीच नाहीत. बोथट वस्तराही बोट कापतोच.

मग स्पिरिटने पातं आणि मुठीची आतली फट पुसून घेतली. कुणाच्या गालावरून फिरून आलाय, कोण जाणे. रक्तातून जाणारे आजार सुकलेल्या डागातूनही जाऊ शकतात, हिपॅटायटिस-बीचा विषाणू तर शरीराबाहेर आठवडाभर टिकतो. यापुढे हा वस्तरा एकट्याचा. घरातल्या दुसऱ्या कुणालाही द्यायचा नाही.

खड्डे उथळ निघाले. खाच मात्र भिंगाखाली चांगलीच दिसते.

१ ऑगस्ट, शुक्रवार

उद्यमनगरात गेलो. कोल्हापुरात राहण्याचा हा मोठा फायदा : लोखंडाला आकार देणारं जे जे लागतं, ते एका फेरीत मिळतं. वॉटर पेपर सहाशे, हजार आणि दोन हजार नंबरचे, त्यांत हजारचे दोन. सगळे मिळून ऐंशी रुपये. घड्याळजी वापरतात तसं डोळ्याला लावायचं भिंग एकशेवीस. इन्सुलेशन टेप पंधरा, मार्कर तीस.

दुकानदाराने आपणहून धारेचा दगड पुढे केला. एक बाजू जाड, एक बारीक, स्वस्त आणि मस्त. कोयत्याला, विळ्याला तो ठीक आहे. वस्तऱ्याला त्याची बारीक बाजूसुद्धा फार खरखरीत. त्या दगडावर चढवलेलं पातं परत माणसात आणायला दुप्पट कागद जातो.

काचवाल्याकडून दहा मिलिमीटर जाडीचा तुकडा घेतला, फूटभर लांब, वीतभर रुंद. कडा घासून ऐंशी रुपये. ऐंशी रुपयांत इतका सपाट पृष्ठभाग दुसरा कुठलाच मिळत नाही. वितळलेली काच वितळलेल्या कथिलावर तरंगत ठेवून थंड करतात, म्हणून ती अशी सपाट येते. ही रीत इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने १९५० च्या दशकात बसवली. तरी शंका नको म्हणून ओळखीच्या वर्कशॉपमध्ये सरफेस प्लेटवर निळा रंग लावून काच ठेवून बघितली. रंग सगळीकडे सारखा उठला.

परत येताना गल्लीत सायकलवरचा धारवाला भेटला. पॅडल मारायचं, चाक फिरतं, ठिणग्या उडतात. त्याला वस्तरा दाखवला. त्याने हातात घेतला, उजेडात धरला आणि लगेच परत दिला.

“वस्तऱ्याला आमी हात लावत न्हाई, दादा. चाकावर जळतंय पोलाद.”

खरं बोलला. कडक केलेलं कार्बन पोलाद सव्वादोनशे अंशांच्या आसपास पिवळट पडतं, तीनशेला निळं. निळं पडलं की पाणी उतरलं. वस्तऱ्याची धार कागदाहून पातळ, कोरड्या चाकावर तिला तिथवर पोचायला क्षणही लागत नाही. गिऱ्हाईक समोर उभं असताना नाही म्हणणारा कारागीर, त्याच्याकडे उद्या घरच्या सगळ्या सुऱ्या देणार आहे.

३ ऑगस्ट, रविवार

आज सकाळपासून काचेपुढे.

वस्तऱ्याची घडण किती शहाणपणाची आहे, हे काचेवर ठेवल्याशिवाय कळत नाही. सुरीला धार लावताना कोन हाताने सांभाळावा लागतो, वर्षानुवर्षांच्या सरावाने तो हातात बसतो. वस्तरा आपला कोन अंगावर घेऊनच येतो. पाठ आणि धार दोन्ही काचेला टेकल्या की कोन झाला. माझ्या पात्याची रुंदी सोळा मिलिमीटर, पाठीची जाडी साडेचार. म्हणजे दोन्ही उतारांमधला कोन सुमारे सोळा अंशांचा. स्वयंपाकघरातल्या सुरीचा याच्या दुप्पट असतो. घासताना धारेबरोबर पाठही झिजते, म्हणून पातं अरुंद होत गेलं तरी कोन फारसा बदलत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तऱ्यालाही आज त्याच कोनात धार लावता येते ती यामुळे. खाच काढायला आज बरंच पोलाद जाणार, म्हणून पाठीवर टेपचा एक थर दिला. टेप फाटली की बदलायची, नाहीतर एका जागी कोन वेगळा आणि दुसऱ्या जागी वेगळा.

काचेवर पाणी शिंपडून कागद चिकटवला. खाली हवेचा एकही बुडबुडा राहता कामा नये. धार पुढे ठेवून सरकवलं तर फुगलेला कागद धारेपुढे उचलला जातो आणि तिलाच गोल करतो. म्हणून कागदावर मी पाठ पुढे, धार मागे अशीच ओढ ठेवली.

आधी सहाशे, खाच जाईपर्यंत. मग हजार. आणि इथे थांबायचं. पुढे जायची घाई करायची नाही.

दोन्ही उतारांवर मार्करने काळं फासलं. एकदाच, पात्याच्या वजनाखेरीज कसलाही भार न देता, कागदावरून ओढलं. भिंगातून बघितलं तर मधल्या भागातली शाई पार काठापर्यंत पुसली गेलेली. टोकाकडे आणि मुठीकडच्या कोपऱ्यात मात्र काठाशी केसाएवढी काळी रेघ शिल्लक. ती रेघ म्हणजे कागद अजून धारेपर्यंत पोचलेला नाही. तिथे दोन उतार एकमेकांना भेटलेलेच नाहीत, मध्ये एक बारीकसा सपाट माथा उरला आहे. या माथ्यावर पुढे लाखाचा दगड फिरवला तरी तो माथाच चकचकीत होणार. लोक शेवटच्या दगडावर पैसे घालतात आणि दाढी ओढते म्हणून आणखी बारीक दगड घेतात. रोग हजारच्या पायरीवरचा असतो.

पातं पूर्ण सरळ नाही, जुनी बहुतेक नसतातच. म्हणून सरळ न ओढता तिरकं, मुठीकडून टोकाकडे सरकत ओढत गेलो. काळं फासायचं, ओढायचं, बघायचं. संध्याकाळी दिव्याखाली धार डोळ्यांसमोर उभी धरली. बोथट जागा उजेड परत फेकते, पांढरी रेघ चमकते. धार लागलेली जागा काहीच परत देत नाही. टोकाकडची पांढरी रेघ गेली. मुठीकडची नखभर राहिली आहे.

५ ऑगस्ट, मंगळवार

दिवसभर पाऊस, संध्याकाळी वीज नाही. टॉर्चच्या उजेडात ती रेघ नीट दिसत नाही, तेव्हा हात लावला नाही. पातं तेल लावून, औषधाच्या बाटलीतल्या सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर डब्यात ठेवलं. कार्बन पोलादाला कोल्हापूरचा ऑगस्ट म्हणजे परीक्षाच, एका रात्रीत ठिपके उमटतात.

९ ऑगस्ट, शनिवार. राखी पौर्णिमा

परवा दोन हजारचा कागद झाला. हजार नंबरच्या कागदाचे कण साधारण अठरा मायक्रॉनचे, दोन हजारचे दहाच्या आसपास. माणसाचा केस पन्नास ते शंभर मायक्रॉन जाड असतो. म्हणजे आपण आता केसाच्या जाडीच्या आत काम करतो आहोत.

ताई राखीला आली होती. जेवणं झाल्यावर तिच्याकडे डोक्यातला एक केस मागितला. “कशाला रे?” म्हणाली, पण दिला. चिमटीत लोंबता धरून धारेवर टेकवला. अडला, वाकला, सरकून बाजूला झाला. दोन हजारच्या कागदावर यापेक्षा जास्त अपेक्षा नाहीच.

ही केसाची परीक्षा फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला आठवा अध्याय शस्त्रक्रियेच्या हत्यारांचा आहे. हत्यार केस कापेल इतकं पाजळलेलं असावं, ही अट तिथे आहे. कुठल्या कामाच्या हत्याराची धार किती जाड हेही मोजून दिलंय : भेद करणाऱ्याची मसुरीएवढी, खरवडणाऱ्याची अर्ध्या मसुरीएवढी, टोचून रक्त काढणाऱ्याची केसाएवढी आणि छेद घेणाऱ्याची अर्ध्या केसाएवढी. जवळ मायक्रॉन नव्हता, तर वैद्याने स्वयंपाकघरातली डाळ आणि डोक्यावरचा केस घेऊन माप बांधलं. त्याच जागी पाजळायच्या साधनांचीही नोंद आहे : उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा, आणि धार बसवायला शाल्मलीची फळी. शाल्मली म्हणजे आपली काटेसावर.

ती फळी डोक्यातून जात नाही. आजचे वस्तरेवाले बाल्सा लाकडाच्या फळीवर बारीक पॉलिश चोळून धारेवर शेवटचा हात फिरवतात. बाल्सा दक्षिण अमेरिकेतला, सावर आपल्या रानातली. पण वनस्पतिशास्त्रात दोन्ही एकाच कुळातली. दोन्हींचं लाकूड हलकं, मऊ, सारख्या पोताचं. बाल्सा मागवायला पैसे पडतात. सावर शोधायची.

१० ऑगस्ट, रविवार

चप्पल लाइनला गेलो. कारागिराकडे वस्तऱ्याच्या पट्ट्यासाठी चामड्याची कातरण मागितली : दोन इंच रुंद, हातभर लांब, कुठे वण नको, घडी नको. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं असतं. क्रोमने कमावलेल्या मऊ चामड्यापेक्षा ते घट्ट आणि ओढ देणारं, पट्ट्याला नेमकं तसंच हवं. कारागिराने तळतुकड्यातून एक पट्टी काढली, पाठीमागून तासून सारखी केली. शंभर घेतले. एवढ्या कामाला ते कमीच आहेत.

घरी तिला वरून हाताचा तळवा पुन्हा पुन्हा चोळला, तेल नाही. तेलकट चामड्यावर पातं सरकतं, ओढ बसत नाही. दुसऱ्या बाजूला जुन्या कॅनव्हासच्या पिशवीची पट्टी शिवून घेतली. आधी कापड, मग चामडं.

१३ ऑगस्ट, बुधवार

सावर मिळाली. पॅकिंगची खोकी बनवतात तिथे ढिगात ओळखली. आगपेटीच्या काड्यांना आणि खोक्यांना हे लाकूड फार वापरतात. तीस रुपये देऊन वीतभर फळी कापून घेतली आणि काचेवर कागद ठेवून सपाट केली.

बफिंगवाल्याकडून हिरवी वडी आणली, साठ रुपयांची. स्टीलच्या भांड्यांना चकाकी आणायला वापरतात ती. हिरवा रंग क्रोमियम ऑक्साइडचा, चांगल्या प्रतीत कण अर्ध्या मायक्रॉनच्या घरात. वडीत मेण असतं आणि पुष्कळदा त्याहून जाड ॲल्युमिनाही मिसळलेला असतो, म्हणून ती फळीवर खडूने ओढावी तशी दोन-चार रेघा हलकेच ओढायची आणि कागदाने पुसून काढायची. लाकूड जेमतेम हिरवट दिसलं की पुरे.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदन करून आलो. पोस्टाने मागवलेल्या लॅपिंग फिल्म काल आल्या होत्या : तीन मायक्रॉनची एक, एक मायक्रॉनची एक, दोन्ही मिळून एकशेऐंशी. पॉलिएस्टरच्या पातळ पापुद्र्यावर बसवलेले एकसारख्या मापाचे कण. ऑप्टिकल फायबरच्या तारेची टोकं घासायला या बनवतात. काचेवर पाणी टाकून सपाट केली की कागदासारखी फुगत नाही, त्यामुळे यावर धार पुढे ठेवून ओढता येतं. तीनवरून एकवर गेलो तेव्हा ओढीतच फरक जाणवला, पातं फिल्मला चिकटल्यागत होतं. मग फळी, मग कापड, मग चामडं. पट्ट्यावर पाठ पुढे, आणि वळवताना पातं पाठीवरूनच पलटायचं. धारेवरून पलटलं की पट्टाही चिरतो आणि धारही जाते.

ताईचा दुसरा केस. मधल्या भागावर टेकवला आणि खालचा तुकडा जमिनीवर. हाताला काही लागलंही नाही.

माझा हिशेब : नऊशे पंचेचाळीस.

२० ऑगस्ट, बुधवार. सेना महाराज पुण्यतिथी

पंचगंगेचं पाणी वाढलंय, राजाराम बंधारा दिसत नाही. शिवाजी पेठेतल्या ज्या सलूनमध्ये लहानपणापासून केस कापतो, तिथे आज दुकान बंद आणि आत फोटोला हार. तिथले मामा सत्तरीच्या पुढचे. प्रसाद दिला, मी वस्तरा दाखवला.

मामांनी तो उघडला कसा, हेच मी बघत राहिलो. तीन बोटं शेपटाखाली, अंगठा आत, मूठ आपोआप बाजूला गेली. तळहातावर दोनदा इकडून, दोनदा तिकडून फिरवला. धार बघायला अंगठा धारेवरून नव्हे, धारेला आडवा, अलगद.

“मधनं ब्येस हाय. हितं बघ,” मुठीकडच्या कोपऱ्यावर बोट, “हितं आजून मुकं हाय.”

त्यांच्या वडिलांकडे काळा गुळगुळीत दगड होता. त्यावर पाणी टाकून वस्तरा ढकलायचे आणि पाण्याकडे बघायचे. धार काठापर्यंत आली की पातं पाण्याच्या थराखाली शिरतं आणि पाणी पात्यावर चढतं. आली नसेल तर पाणी पुढे ढकललं जातं. माझ्या मार्करचं काम ते नुसत्या पाण्यावर करत होते.

मामांनी स्वतःचा वस्तरा नव्वदच्या दशकात बाजूला ठेवला. एड्सची धास्ती आली, गिऱ्हाईक नवं ब्लेड मागू लागलं. तेव्हापासून उस्तऱ्यात अर्धं ब्लेड, गिऱ्हाईक उठलं की फेकून द्यायचं. ते योग्यच झालं, मामाही तसंच म्हणतात. पण दगड, पट्टा, तळहात हे सगळं शिकवायची गरज उरली नाही. त्यांच्या मुलाला ब्लेड मोडता येतं, धार लावता येत नाही, आणि त्यात त्या पोराचा काही दोष नाही.

सेना महाराजांनी धोकटीतली हत्यारंच परमार्थाची साधनं केली, त्यांच्या अभंगांत आरसाही आहे आणि चिमटाही. या धंद्याने समाजाला आणखीही एक गोष्ट दिली आहे, जी फार कमी लोकांना ठाऊक असते. १८९० मध्ये मुंबईच्या नाभिकांनी विधवांचं केशवपन करायला जाहीर नकार दिला. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे त्यात पुढे होते आणि पाठीशी सत्यशोधकांचा विचार होता. वस्तरा चालवण्यावर ज्यांचं पोट, त्यांनी तो एका कामापुरता मिटून ठेवला. धारेबद्दल लिहिताना ही माणसं वगळून लिहिणं मला जमणार नाही.

२४ ऑगस्ट, रविवार. भाद्रपद शुद्ध प्रतिपदा

श्रावण संपला. महिन्याची दाढी आधी कात्रीने कातरली. वस्तरा लांब केसांसाठी नाही. गरम पाण्याचा टॉवेल तोंडावर धरून बसलो. भिजलेला केस कोरड्याहून कितीतरी मऊ असतो, हा वेळ वाचवण्यात काही अर्थ नाही. साबण, ब्रश, पुन्हा साबण.

पातं कातडीशी साधारण तीस अंशांवर, दुसऱ्या हाताने कातडी ताणलेली, केसांच्या ओढीने वरून खाली. उजवा गाल बारीक कुरकुर आवाज करत साफ झाला. ओढ नाही, आग नाही. डाव्या जबड्याच्या कोपऱ्यापाशी मात्र पातं अडलं. नेमका मुठीकडचा भाग तिथे येतो. मामांचं बोट जिथे टेकलं होतं तीच जागा.

मान उरवली, ती मधल्या भागाने केली. आई म्हणाली, “आता गणपती आणायला माणसासारखा जाशील.”

२६ ऑगस्ट, मंगळवार. हरतालिका

अडणाऱ्या कोपऱ्यावर एक मायक्रॉनची फिल्म फिरवावी, हा पहिला विचार कुणालाही सुचेल. तो करायचा नाही. थेट हजारवर परत. काळं फासलं, भिंग लावलं, तीच नखभर रेघ. त्या कोपऱ्याला पात्याचा शेपटाकडचा जाड खांदा कागदाच्या कडेवर चढतो आणि धार वर उचलली जाते. काचेच्या कडेलगत कागद बसवून खांदा काचेबाहेर ठेवला, मग पातं खाली बसलं. शाई काठापर्यंत पुसली गेली. तिथून पुढे दोन हजार, फिल्म, फळी, पट्टा. हा सगळा भाग तासाभरात उरकला.

पट्टा रोज का लागतो, याचं चांगलं उत्तर २०२० मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी दिलं. केस पोलादापेक्षा पन्नासपट मऊ, तरी त्याने पातं बोथट होतंच. त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली केस कापून बघितले. धार नुसती झिजून गोल होत नाही. केस वाकून तिरका लागला आणि तिथे पोलादाची घडण एकसारखी नसेल, तर काठाचे सूक्ष्म टवके उडतात. त्यांचे प्रयोग वापरून फेकायच्या ब्लेडवरचे होते, पण केस आणि पोलाद तेच. केस जितका कमी वाकेल, तितके टवके कमी. गरम टॉवेलने केस मऊ होतो, तेव्हा माझ्या मते तो धारेचाही सांभाळ आहे. आणि दाढीआधी कापड-चामड्यावरच्या चाळीस-पन्नास फेऱ्या काठ पुन्हा एका रेषेत आणतात.

ज्यांना पट्टाही घ्यायचा नाही, त्यांनी वर्तमानपत्राचा कागद सपाट फळीवर ताणून बसवावा. छपाईच्या शाईत काजळी असते, पातं त्यावर छान फिरतं. माझ्याकडे चामडं आहे म्हणून, नाहीतर तेही पुरेसं होतं.

३ सप्टेंबर, बुधवार

काल गौरी गेल्या. आज पुन्हा दाढी केली. जबड्याचा कोपरा गालासारखाच गेला. मामांकडे नेऊन दाखवला, त्यांनी तळहातावर फिरवला आणि काही न बोलता आपल्या मुलाच्या हातात दिला. त्याने उजेडात धरून बघितला आणि विचारलं, “ही काळी शाई कशाला लावतात, दादा?” येत्या सोमवारी, सलूनच्या सुट्टीला, तो घरी येतोय. मामांचा जुना वस्तरा घेऊन येईल.

उद्यमनगरातून हजार नंबरचे आणखी दोन कागद आणले, चाळीस रुपये. एक मायक्रॉनची फिल्म अजून नव्यासारखी आहे.